मास्तरांच्या डावीकडे

मुलानं पिशवीतून शर्ट काढला आणि माझ्या टेबलावर पसरला. निळ्या चौकडीचा, पुऱ्या बाह्यांचा. एक बाही कफ-बटणासकट तयार, काज इतकं सुबक की बोट फिरवून बघावंसं वाटावं. दुसरी बाही नुसती टाचलेली, कफाचा पत्ता नाही. कॉलरचं एक टोक वळवून टीप मारलेलं, दुसरं उघडं.

"झाला म्हणून घडी घालून गिऱ्हाइकाला दिला," मुलगा म्हणाला. "शिलाई पण घेतली."

"झालाय की शर्ट," मास्तर म्हणाले.

सातारा जिल्ह्यातल्या एका बाजारपेठेच्या गावात या माणसानं तीस वर्षांहून जास्त काळ शिलाईचं दुकान चालवलं. वय ५८, उजवखोरे. सहा आठवड्यांपूर्वी पहाटे डावा हात लुळा पडला आणि बोलणं जड झालं. मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाला रक्त नेणारी वाहिनी तुंबली होती. रुग्णालयातून घरी आले तेव्हा हातात ताकद परतू लागली होती, आणि महिन्याभरात डाव्या मुठीनं ते माझी बोटं आवळू शकत होते. घरच्यांच्या लेखी मोठं संकट टळलं होतं. शिवणकामातल्या चुका दिसू लागल्या तेव्हा त्यांनी आधी चष्मेवाल्याकडे नेलं. नंबर थोडा वाढला होता, त्यानं तो बदलून दिला. नव्या चष्म्यानं दोन आठवडे तेच झालं आणि मग कुणीतरी माझं नाव सांगितलं. मी व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) करते, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा करायला शिकवते. लोक फिजिओ समजूनच येतात, आणि मी आता दुरुस्त करत बसत नाही.

त्या शर्टानं मला निम्मं निदान करून दिलं, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर सांगते. अर्धवट राहिलेली बाही अंगात घातल्यावर उजवीकडे येते. पण शर्ट छाती वर करून पसरला की तीच बाही शिवणाऱ्याच्या डाव्या हाताला येते. मुलानं आणखी एक शर्ट आणला होता, त्यात नेमकी दुसरी बाही राहिली होती. तो शर्ट मास्तरांनी पाठ वर करून पसरला असणार, असं मी म्हटलं तर मुलगा चकित झाला. पाठीचं ठिगळ लावायचं होतं, म्हणून खरंच पालथा घातला होता. म्हणजे गोम कुठल्याच बाहीत नव्हती. मास्तरांच्या डावीकडे जे जे येत होतं, ते त्यांच्या हिशेबातून गळत होतं.

बोलता बोलता मी खुर्ची उचलून त्यांच्या डावीकडे जाऊन बसले. "सकाळी काय खाल्लंत?" विचारलं. मास्तरांनी उजवीकडच्या मुलाकडे बघून उत्तर दिलं, "पोहे."

काकूंनी मग ताटाची गोष्ट सांगितली. "भाजी तशीच राहते ह्यांची. मी म्हणायची, आवडली नाही का, तर म्हणायचे वाढलीसच कुठं. मग मी ताट फिरवून ठेवायला लागले, तर भाजी खातात आणि चटणी राहते." कुणी न शिकवता काकूंनी चाचणी केली होती.

याला डाव्या बाजूचं दुर्लक्ष म्हणतात. शब्द फसवा आहे, कारण त्यात माणसाचा दोष असल्याचा वास येतो. डोळे शाबूत असतात. नजरेचा डावा अर्धा भाग खरोखर गेलेला रुग्ण वेगळा. त्याला उणीव जाणवते, तो मान वळवून भरपाई करतो. मास्तरांना भरपाई करण्यासारखं काही कमी आहे असंच वाटत नव्हतं. मेंदूचा उजवा अर्धा भाग दोन्ही बाजूंवर लक्ष ठेवतो आणि डावा मुख्यतः उजव्या बाजूवर, असं साधारण मानलं जातं. त्यामुळे डावा भाग दुखावला तर उजवा सांभाळून घेतो, उजवा दुखावला तर डाव्या बाजूला वाली राहत नाही. इटलीत १९७८ साली बिसियाक आणि लुझ्झात्ती यांनी अशा रुग्णांना मिलानच्या कॅथीड्रलसमोरचा चौक आठवून सांगायला लावला होता. चौकाच्या एका टोकाला उभे आहात असं समजा म्हटलं की उजवीकडच्या इमारती सांगितल्या गेल्या, समोरच्या टोकाला उभे आहात म्हटलं की मघाशी वगळलेल्या. मी मास्तरांना त्यांची पेठ विचारली. एसटी स्टँडकडून देवळाकडे चाललाय, दुकानं सांगा. मग देवळाकडून स्टँडकडे. दोन्ही वेळा त्यांनी एकेकच बाजू सांगितली, आणि परतीच्या फेरीत आलेलं किराणा दुकान जाताना कुठं गेलं होतं, हे विचारल्यावर म्हणाले, "तिथंच की. कुठं जातंय."

वाचनात तर मराठीनं वेगळीच गंमत केली होती. आपल्याकडे अर्थ उलटा करणारी अक्षरं शब्दाच्या डोक्याशी, म्हणजे डावीकडे बसतात. मास्तर 'गैरहजर'चं 'हजर' वाचायचे आणि 'बेकायदा'चं 'कायदा'. 'अनधिकृत' मोठ्यानं वाचायला दिलं तर बिनदिक्कत 'अधिकृत' म्हणाले. उरलेल्या अक्षरांना जवळचा ओळखीचा शब्द जोडून मन मोकळं होतं. पेपर रोज वाचतात, असं काकू अभिमानानं सांगत होत्या. पेपरात काय वाचत असतील या विचारानं मला जरा धडकी भरली.

कागदावरच्या चाचण्या नेहमीच्याच. पानभर विखुरलेल्या ४० छोट्या रेघा, प्रत्येकीवर काट मारायची. मास्तरांनी २१ वर मारली, सगळ्या उजवीकडच्या. २० सेंटिमीटरच्या आडव्या रेघेचा मध्य दाखवा म्हटलं तर खूण सरासरी तीन सेंटिमीटर उजवीकडे. डोळे मिटून नाकासमोर बोट धरा म्हटलं तर बोट उजव्या खांद्याच्या रोखानं गेलं. आयुष्यभर नाकासमोर चाललेल्या माणसाचं नाकासमोर म्हणजे कुठे, हेच सरकलं होतं.

एक गोष्ट मात्र माझ्या फॉर्मात बसेना. रेघेऐवजी मी हातभर कापड दिलं आणि डावी कड त्यांच्या डाव्या हातात धरवली. "मध्य काढा." मास्तरांनी कडेला कड जुळवून घडी घातली, नखानं चुणी पाडली. बिनचूक मध्य. नजरेला जो मध्य सापडत नव्हता, तो कड हातात आल्यावर हातांनी काढला. हे मी पानाच्या समासात लिहून ठेवलं. पुढच्या आठवड्यांत सगळ्यात उपयोगी पडलं ते हेच.

हात-डोळ्यांचा मेळ म्हटलं की आपण हात सुधारायला निघतो. चेंडू झेला, मणी ओवा, पडद्यावरचे फुगे फोडा. पण कामात नजर हाताच्या पुढे चालते. इंग्लंडमध्ये मायकेल लँड आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली चहा करणाऱ्या माणसांची नजर टिपली. किटली, कप, झाकण, ज्या वस्तूला हात लागणार तिथे नजर साधारण अर्धा सेकंद आधीच पोचलेली असते, आणि हात काम उरकत असतानाच ती पुढच्या वस्तूकडे निघते. मास्तरांचे हात तयारच होते. त्यांना डावीकडे नेणारी नजर निघतच नव्हती, आणि "डावीकडे बघा" असं घरच्यांनी दिवसातून पन्नासदा सांगून भागत नव्हतं. ज्या बाजूचं अस्तित्वच मनात नाही, तिकडे बघायची आठवण माणूस ठेवणार कशी?

म्हणून लोलकाचा, म्हणजे प्रिझमचा चष्मा. लोलकातून बघताना वस्तू सरकलेली दिसते आणि हात चुकतो, पण थोड्याच वेळात हात नव्या जगाशी जुळवून घेतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं एकोणिसाव्या शतकातच हे प्रयोग केले होते. फ्रान्समधल्या ल्यों इथे इव्ह रोझेती आणि सहकाऱ्यांनी तीच युक्ती दुर्लक्षाच्या रुग्णांवर वापरली आणि १९९८ साली प्रसिद्ध केली. जग दहा अंश उजवीकडे सरकवणारा चष्मा, पन्नासेक वेळा बोट दाखवणं, काही मिनिटांचा खेळ. चष्मा काढल्यावर रुग्णांची कामगिरी सुधारली आणि ती निदान दोन तास टिकली.

जग मुद्दाम उजवीकडे सरकवायचं, हे ऐकून मुलगा बुचकळ्यात पडला. आधीच उजवीकडे ओढ असलेल्या माणसाला आणखी उजवीकडे? खरं काम चष्मा काढल्यावर होतं. चष्म्यातून बटण उजवीकडे दिसतं, म्हणून बोट खऱ्या बटणाच्या उजवीकडे पडतं. चूक दिसते, पुढच्या वेळी हात थोडा डावीकडे जातो, पंधरा-वीस वेळांत नेम बसतो. म्हणजे मेंदूनं हाताला डावीकडची दुरुस्ती जोडून दिली. चष्मा उतरला तरी ती दुरुस्ती लगेच उतरत नाही. बोट आता डावीकडे जातं, आणि बऱ्याच रुग्णांत नजर आणि लक्षही त्याच्या मागून जातात. सूचना लक्षात ठेवायला लागत नाही, हा यातला मोठा भाग. मास्तरांना त्यांच्या डावीकडे काही बिघडलंय हे पटवून न देताही उपचार चालू करता आला.

परदेशी बनावटीचे तयार चष्मे मिळतात, ते आमच्या आवाक्यात नव्हते. साध्या रुंद फ्रेमला मी चिकटणारे फ्रेनेल लोलक लावून घेतले. पातळ प्लास्टिकचा, बारीक धारांचा पापुद्रा असतो तो, पाण्यानं काचेवर बसतो. २० प्रिझम डायॉप्टरचा, जाड बाजू डावीकडे. त्यातून एक मीटरवरची वस्तू २० सेंटिमीटर सरकलेली दिसते, म्हणजे साधारण ११ अंश. टेबलावर हाताच्या अंतरावर ते चार इंच भरतात, आणि मास्तरांशी बोलायचं तर इंचातच बोलायला हवं. पापुद्र्यातून जरा धूसर दिसतं, पण बटण दिसायला तेवढं पुरतं.

टेबलावर दोन मोठी बटणं चिकटवली, मध्यापासून एक डावीकडे, एक उजवीकडे. हाताचा पूर्ण प्रवास डोळ्यांना दिसला तर माणूस वाटेतच मार्ग दुरुस्त करतो आणि मेंदूला चूक कळतच नाही. म्हणून हाताचा सुरुवातीचा भाग झाकावा लागतो. मुलानं दुकानातून अस्तराचं कापड आणलं, एक टोक मास्तरांच्या गळ्याला आणि दुसरं टेबलाला टाचलं. हात कापडाखालून निघायचा आणि शेवटच्या वितीलाच उजेडात यायचा.

पहिलं बोट बटणाच्या साडेतीन इंच उजवीकडे पडलं. मास्तरांनी बटणाकडे आणि मग बोटाकडे पाहिलं. "टेबल हललं." दुसरं बोट तीन इंच. बाराव्या-तेराव्या वेळी बटणावर. एकूण ६० वेळा, सात मिनिटांत. मग चष्मा काढला, "परत एकदा" म्हटलं, तर बोट बटणाच्या चांगलं डावीकडे. त्यांनी कधी नव्हे ते माझ्याकडे वळून पाहिलं. मी डावीकडे बसले होते.

त्या दुपारी रेघेचा मध्य एका सेंटिमीटरवर आला. चहा आला तेव्हा डावीकडच्या बशीतलं बिस्कीट त्यांनी स्वतःहून उचललं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला सुद्धा बरं वाटलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलं बरंचसं गेलेलं असणार हे ठाऊक होतं, आणि तसंच झालं.

पुढे दोन आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ. इटलीतल्या फ्रासिनेत्ती आणि सहकाऱ्यांच्या २००२ च्या अभ्यासात असाच दोन आठवड्यांचा क्रम होता आणि फायदा पाच आठवड्यांपर्यंत टिकलेला दिसला होता. गाव लांब, म्हणून मुलाला शिकवलं. तो फोनवर चित्रफीत काढून मला पाठवायचा. तिसऱ्या दिवशी माझी चूक उघडी पडली. सराव मधेच थांबवून मास्तर चष्म्यासकट मोरीकडे गेले आणि चौकटीला खांदा धडकला. चष्मा घालून खुर्चीतून उठायचं नाही, हे मी सांगितलंच नव्हतं. मला इतकं उघड वाटलं होतं की बोलावंसं वाटलं नाही. तेव्हापासून फ्रेमच्या दांडीवर लाल अक्षरांत 'बसून' लिहिलेलं असतं.

दोन आठवड्यांनी कागद छान दिसत होता. चाळीसपैकी ३६ रेघांवर काट, मध्य जवळजवळ मध्यावर. मी खूश, मुलगा खूश. मग मास्तर मशीनवर बसले आणि पहिल्याच टिपेत शर्टाची पाठ सुईखाली घेऊन बाहीला शिवून टाकली.

मशीनची रचनाच अशी आहे. खांब आणि चाक उजवीकडे, सुईच्या डावीकडे मोकळी जागा, आणि कापडाचा सगळा पसारा त्या मोकळ्या जागेत. चांगला शिंपी डोळे सुईच्या पुढच्या इंचभरावर ठेवतो, पण डावीकडे काय दुमडलंय याची जाणीव त्याला सतत असते, बहुधा डाव्या तळहातातून. शिवणकाम हा डावीकडचा धंदा आहे, हे मला इतकी वर्षं शिवलेले कपडे घालूनही कळलं नव्हतं.

सुधारणा कागदावरून कामावर आपोआप उतरत नाही, हे दुखणं या सगळ्याच तंत्रांचं आहे. चकाकत्या पडद्यांचे, गुण मोजणारे खेळ घ्या. रुग्ण त्या खेळात पटाईत होतो आणि घरी शर्टाचं बटण लावताना जिथल्या तिथं असतो. लोलकानं दिवसाचे काही तास डावीकडचं दार किलकिलं केलं होतं. त्या तासांत मास्तर काय करत होते? अंगणात खुर्ची टाकून बसत होते. मी सराव सांगितला होता, त्यानंतरचं काहीच सांगितलं नव्हतं.

मग वेळापत्रक उलटं बांधलं. सकाळचा लोलक संपला की पंधरा मिनिटांत मशीन. आधी सुई काढून, नुसता पाय चालवून कापड सरकवायचं. मग सुई लावून, दोरा न ओवता, आखलेल्या वहीच्या कागदावर टीप. शिकाऊ पोरांना मास्तर स्वतः असंच शिकवायचे, त्यामुळे पहिल्यांदा अपमान वाटला. "मला कागद शिवायला लावताय होय?" मी म्हटलं, कागद माझ्यासाठी शिवा, मला भोकं मोजायची आहेत. भोकं खरोखर मोजली, आणि रेघ कुठे सुटते ते त्यांनाच दाखवलं. डावी कड पुसट झाली की रेघ उजवीकडे पळत होती. स्वतःच्या टिपेतली खोट त्यांना मान्य करावी लागली. माझ्या चाचण्यांनी जे पटलं नव्हतं ते त्या भोकांनी पटलं.

समासातली नोंद इथे कामाला आली. प्रत्येक तुकडा सुईखाली घेण्याआधी डाव्या हातानं डावी कड शोधायची, चिमटीत धरायची आणि मगच पायडल. मशीनच्या पाटाच्या डाव्या काठावर लाल फीत ठोकली. तिला हात लागला नाही तर काम सुरू करायचं नाही. आधी हाताला कड सापडते, मागून नजर येते. चहावाल्या प्रयोगातला क्रम आम्ही उलटा लावला.

दर पाच मिनिटांनी थरथरणारा पट्टाही डाव्या मनगटावर बांधून पाहिला. चार दिवस चालला. पाचव्या दिवशी तो थरथरला आणि मास्तर शांतपणे शिवत राहिले. काकू म्हणाल्या, माझ्या हाकेचं पण तसंच होतं.

आता मला न सुटलेला भाग. पक्षाघातानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मेंदू आपला आपणही सावरतो. मास्तर सहाव्या आठवड्यात आले, बाराव्या-तेराव्यात बरेच सुधारले. यातलं लोलकाचं किती, काळाचं किती, मशीनवरच्या सरावाचं किती? मधे साध्या काचांचा आठवडा घालून बघायचा विचार होता, पण लोलकाचा परिणामच आठवडे टिकत असेल तर साध्या काचांना यश मिळाल्यासारखं दिसणार. पहिल्या दुपारचा बदल मात्र काळाच्या खात्यावर टाकता येत नाही, तो सात मिनिटांत घडला. लोलकाच्या पुढच्या काही चाचण्यांत साध्या चष्म्यापेक्षा फरक दिसला नाही, काहींत दिसला. माझं मत एवढंच आहे की लोलक एकटा दिला असता तर मास्तर कागदावर बरे झाले असते. आणि नुसतं मशीनवर बसवलं असतं, तर सुरुवातीच्या आठवड्यांत बोट सुईखाली गेलं असतं.

तेराव्या आठवड्यात शर्ट आला. पांढरा, पुऱ्या बाह्यांचा, दोन्ही कफ जागेवर. मी तो छाती वर करून पसरला, पालथा घातला, उलटा केला. डाव्या खांद्याच्या शिवणीत दोन ठिकाणी टीप वाकडी होती, बाकी काही नाही. बेतणं आणि कापणं अजून मुलाकडे आहे. एवढं कापड टेबलावर पसरलं की डावी कड हातापासून लांब जाते, आणि कात्रीला परत जोडता येत नाही. संध्याकाळी सहानंतर मशीन बंद. दमले की 'गैरहजर' पुन्हा हजर होतो, असं काकू सांगतात. रस्ता ओलांडताना काकू डावीकडून चालतात, हे मात्र मी कायमचं ठरवून दिलं आहे.

निघताना मास्तरांनी पिशवीतून चष्मा काढून टेबलावर ठेवला, माझ्या बाजूला, त्यांच्या डावीकडे.

"मॅडम, हे प्लास्टिक काढून यात माझा नंबर घालून मिळंल का? फ्रेम चांगली आहे."